आरसी बोट दीड मिनिटात बंद पडते, ईएससी चटका देतो, बॅटरी फुगली. चुकतंय कुठे?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आता स्वतःच अडकलो म्हणून धागा काढतोय.

माझी आणि लेकीची मिळून एक आरसी (रिमोटवर चालणारी) बोट आहे, लेक आठवीत आहे. बोट ६५ सेंटीमीटर लांब, फायबरची, २००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे) ब्रशलेस मोटर, ६० अँपचा पाण्याने गार होणारा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ४० मिलिमीटरचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) आणि ३एस (तीन सेलची) ५००० एमएएच, म्हणजे ५ अँप-तासांची, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. वर्षभर एकदम व्यवस्थित चालली. खडकवासल्याच्या पुढे ओळखीच्यांचं तळं आहे तिथे रविवारी जातो.

पाडव्याला हौसेने ४एस बॅटरी घेतली, ती पण ५०००चीच, आणि त्यासोबत दुकानदाराने दिला म्हणून ४२चा पंखा लावला. पहिल्या रविवारी कसलं पळाली, लेक अक्षरशः नाचत होती, पण तीन मिनिटांत काढावी लागली कारण वेग पडायला लागला. बॅटरी गरम होती, म्हटलं उन्हाळा आहे, चालायचंच. दुसऱ्या रविवारी दीड मिनिटात बोट तळ्याच्या मध्यावर बंद. वाऱ्याने काठाला यायला पाऊण तास लागला. झाकण उघडलं तर ईएससीला हात लावता येईना, बॅटरीच्या तारांवरची हीटश्रिंक (जोडावरचं प्लास्टिकचं आवरण) आखडून मागे सरकलेली, आणि बॅटरी पुरीसारखी टम्म. एक गोडसर वास पण येत होता, नेलपेंटसारखा.

दुकानदार म्हणतो १२० अँपचा ईएससी घ्या. एक मित्र म्हणतो पाण्याचा वेगळा पंप बसव. मला आधी कळायला हवंय की झालंय काय. पैसे नंतर घालीन.

सहकारनगरकर

कूलिंग बघा आधी. बोट पळताना बाजूच्या भोकातून पाण्याची धार दिसत होती का? माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा तिथेच घोळ असतो. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, पाणी भरून पिकअपमधून (बोटीत पाणी जिथून आत येतं ते तोंड) दाबा, दुसऱ्या टोकाला जोरात यायला हवं. ठिबकत आलं तर नळी तुंबलीय.

डिकी_फुल

बॅटरी तळ्यापर्यंत नेली कशी? मी एकदा गाडीच्या डिकीत ठेवून नेली होती, एप्रिलमध्ये, अकरा वाजता. उतरल्यावर हातात घेतली तर पाणी न बघताच गरम झालेली. म्हणजे सुरुवातच ४५ वरून. लिपोने ६० अंशाच्या वर जायला नको असं धरलं तर हातात उरले किती? तेव्हापासून छोट्या थर्मासच्या डब्यात नेतो, बर्फ न घालता, नुसता रिकामा डबा.

मुठाकाठ

@सहकारनगरकर, धार होती पण बारीक. ३एसच्या वेळी चांगली लांब पडायची. सिरिंज उद्या आणतो.
@डिकी_फुल, सकाळी सातला जातो, पाठीवरच्या बॅगेत. ते नसावं.

मेणबत्तीवाली_बोट

लहानपणी चतुःशृंगीच्या जत्रेत पत्र्याची बोट मिळायची. आत मेणबत्तीचा तुकडा लावायचा, मागच्या दोन नळ्यांत पाणी भरायचं, की परातीत टकटकटक करत फिरायची. आमच्या बोटीला तापल्याशिवाय चालताच यायचं नाही आणि तुमची तापली की बंद! वय ७१, नातवासाठी हा धागा वाचतोय. काही येत नाही मला यातलं, पण समजेल असं लिहा सगळ्यांनी.

कट्ट्यावरचा

बॅटरीवर किती सी लिहिलंय?

मुठाकाठ

२५सी. म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट, ५ गुणिले २५, १२५ अँप ना? मग ६० अँपच्या ईएससीला पुरून उरायला हवी होती.

कट्ट्यावरचा

कागदावर. स्टिकर छापायला काही पडत नाही. सी वर विश्वास ठेवून दोन बॅटऱ्या घालवल्यात मी.

रेवा_प

इलेक्ट्रिकलवाली आहे, बोटी चालवत नाही, भाऊ चालवतो आणि दुरुस्ती माझ्याकडे येते. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, आजोबांनी सांगितलंय तसं समजेल असं.

तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी वाढवल्यात, व्होल्टेज आणि पंखा. यातली प्रत्येक एकटी सुद्धा भारी पडते. पंख्याला फिरवायला लागणारी पॉवर फेऱ्यांच्या घनाने वाढते, आणि त्याच फेऱ्यांना पंख्याच्या व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, गुणिले २००० म्हणजे मिनिटाला २२,२०० फेरे. ४एस म्हणजे १४.८ व्होल्ट, २९,६०० फेरे. फेरे एक तृतीयांश वाढले, पण त्याचा घन केला की पॉवर २.३७ पट. आता पंखा ४० चा ४२ केला, दोनच मिलिमीटर, डोळ्यांना फरक पण दिसत नाही, पण पाचवा घात घेतला की आणखी चांगली २८ टक्के वाढ. दोन्ही मिळून तिप्पट पॉवर. व्होल्टेज वाढल्यामुळे करंट तिप्पट होत नाही, पण सव्वादोन पटीच्या वर जातो. हे सगळं मोटर दबत नाही असं धरून, प्रत्यक्षात थोडं कमी भरेल.

म्हणून माझा एकच प्रश्न आहे. ३एसवर बोट किती अँप खात होती?

सहकारनगरकर

रेवाताई, गणित बरोबर असेल पण धार बारीक होती असं ते स्वतः म्हणतायत. आधी जे डोळ्यांना दिसतंय ते दुरुस्त करावं की. कूलिंग नीट असेल तर ईएससी थोडा जास्त लोड सहन करतो.

रेवा_प

@सहकारनगरकर, नळी साफ करायलाच हवी, त्यात वाद नाही. पण पाणी कुठून कुठे जातं? ईएससी, मग मोटरचं जॅकेट, मग बाहेर. बॅटरीला पाणी लागतच नाही. आणि फुगली बॅटरी. ईएससी गार पाण्यात बुडवून ठेवला तरी बॅटरीतून तेवढाच करंट ओढला जाणार.

मुठाकाठ

रेवाताई, वॉटमीटर नाहीये माझ्याकडे. अँप कसे सांगू?

सोल्डर_आणि_चहा

मीटर लागत नाही. चार्जर सांगतो.

बोट किती मिनिटं पळवली ते मोजायचं, घरी येऊन चार्ज करताना चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघायचं. तेवढे अँप-तास गुणिले ६०, भागिले मिनिटं. हा झाला सरासरी करंट. फुल थ्रॉटलचा त्याहून जास्त असणार, पण अंदाज पक्का येतो. पंधरा वर्षं याच एका आकड्यावर पंखे निवडतोय.

आणि हो, फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, एकदा सुद्धा नाही, नुसतं बघायला म्हणून पण नाही. नेलपेंटसारखा वास म्हणजे पाऊच (सेलचं पाकीट) उघडलाय. आत्ता कुठे ठेवलीय?

मुठाकाठ

अभ्यासाच्या टेबलाच्या खणात 😟

सोल्डर_आणि_चहा

आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. गॅलरीत रिकामी मातीची कुंडी असेल तर तिच्यात वाळूवर ठेवा, वरून पण वाळू, पडदे आणि वाळत घातलेले कपडे लांब. उद्या उजेडात बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलची तार येते तो छोटा प्लग) मल्टीमीटरने चारही सेल मोजा आणि आकडे इथे लिहा. शॉर्ट होऊ देऊ नका.

मुठाकाठ

काढली. गुलाबाची कुंडी रिकामी करून ठेवली.

जलपर्णी_नको

अवांतर विचारतो, पाषाण तलावात बोट चालवता येईल का हो? घराजवळ आहे.

कट्ट्यावरचा

जलपर्णीत पंखा अडकला की शाफ्ट थांबतो, मोटर थांबते, आणि ईएससी त्या थांबलेल्या मोटरला करंट देत राहतो. दहा सेकंदांत धूर.

पाणकावळा

जलपर्णी नसती तरी नको म्हणेन. हिवाळ्यात तिथे बदकं येतात, बाकीच्या दिवसांतही काठाने घरटी असतात. ताशी ४० च्या वेगाने ओरडत जाणारी बोट त्या पाण्यात सोडू नका, मनापासून सांगतो. मी पहाटे तिथे दुर्बीण घेऊन बसतो आणि आरसीचाही शौकीन आहे, दोन्ही वेगळ्या पाण्यावर करतो.

सासवडचं_शेततळं

आमच्याकडे या. ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद अंथरलेला, पाणी स्वच्छ, पानं-शेवाळ काही नाही. भाचा तिथेच चालवतो. अट एकच, बोट मधे बंद पडली तर कुणी पाण्यात उतरायचं नाही. शेततळ्याचा कागद ओला झाला की इतका घसरतो की पोहता येणारा माणूस पण वर चढू शकत नाही. आम्ही दोर बांधून टायर सोडलेत चारी बाजूंनी, तरी उतरायचं नाही. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून ठेवलाय, तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळूहळू ओढायची, बोट येते काठाला.

डिकी_फुल

चेंडूची आयडिया भारी आहे. +१

मुठाकाठ

अपडेट देतो.

सेल मोजले: ३.७८, ३.७७, ३.७९ आणि चौथा ३.१२.

सिरिंजने पाणी दाबलं तर बाहेर ठिबक ठिबक. मग आत हात घालून नळी चाचपली. ४एस बॅटरी ३एसपेक्षा जाड असल्याने ट्रे मागे सरकवला होता ना, तर ती सिलिकॉनची नळी ट्रेच्या कडेखाली दुमडून चपटी झालेली. मोकळी केली, आता धार थेट बाथरूमच्या भिंतीवर. @सहकारनगरकर, तुमचं बरोबर निघालं.

आणि आता खरी गोष्ट. करंट कसा काढायचा म्हणून डोकं खाजवत बसलो होतो, तर लेक तिची वही घेऊन आली. ती प्रत्येक रविवारी लिहून ठेवते, किती मिनिटं पळाली आणि घरी आल्यावर चार्जरवर शेवटचा आकडा काय आला. चार्जिंगला किती वेळ लागेल हे तिला आधी कळायला हवं असतं, म्हणून. मला माहीतही नव्हतं. वहीत आहे: ३एस, ६ मिनिटं, ३५००. आणि पाडव्यानंतरचा पहिला रविवार: नवी बॅटरी, ३ मिनिटं, ३६००.

सोल्डर_आणि_चहा

वही जपून ठेवा. तुमच्या बोटीचा सगळा इतिहास आहे त्यात.

३एसवर ३.५ गुणिले ६० भागिले ६, ३५ अँप. ४एसवर ३.६ गुणिले ६० भागिले ३, ७२ अँप. सरासरी! ६० च्या ईएससीतून. रेवाताईंच्या सव्वादोन पटीने ३५ चे ७९ होतात, बॅटरी दबल्यामुळे ७२ वर आलं. इतकं जवळ गणित आलेलं मी पण कमी वेळा पाहिलंय.

रेवा_प

आता चौथा सेल पण समजतो. ईएससी बहुतेक वेळा एकूण व्होल्टेज बघून कटऑफ देतो, म्हणजे मोटर बंद करतो, एकेका सेलचं नाही. तिघांनी सांभाळून घेतलं की एकूण आकडा ठीक दिसतो आणि चौथा मात्र लोडखाली ३ च्या खूप खाली गेलेला असतो. पहिल्या रविवारीच तो दुखावला असणार, दुसऱ्या रविवारी संपला.

उष्णतेचा हिशोब बघा. सेलचा अंतर्गत रोध ६ मिलिओहम धरला, मध्यम दर्जाच्या बॅटरीला एवढा असतो, तर चार सेलचे २४. करंटचा वर्ग गुणिले रोध, ७२ अँपला १२४ वॅट. जुने पिवळे ६० वॅटचे दोन बल्ब, टेप लावून बंद केलेल्या बोटीत, बॅटरीच्या पोटात पेटवल्यासारखं. करंट निम्मा केला तर उष्णता निम्मी नाही, पाव होते. ३६ अँपला ३१ वॅट. म्हणून मी कूलिंगच्या आधी करंट विचारला होता.

सहकारनगरकर

मान्य. नळी हे एक कारण होतं पण मूळ नव्हतं. माझ्या पण एका बोटीची बॅटरी कायम कोमट-गरम असते आणि मी तिच्यावर पंप लावून बसलोय, आता चार्जरचा आकडा बघतो.

कट्ट्यावरचा

मग १२० चा ईएससी घेतला तर?

सोल्डर_आणि_चहा

ईएससी वाचेल. बॅटरी पुन्हा फुगेल, आणि तिच्यामागे मोटर. मोटरमधली निओडिमियमची चुंबकं, साधी ग्रेड असेल तर, ८० अंशाच्या पुढे कायमची कमजोर व्हायला लागतात. चुंबक कमजोर झालं की तेवढ्याच जोरासाठी करंट आणखी लागतो, मग आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की मोटर टाकून द्यावी लागते. एकेक वस्तू मोठी करत गेलात तर बोट जड होते आणि खिसा रिकामा.

माझा सल्ला: ४एस ठेवा, पंखा ३६ चा लावा. ३६ भागिले ४०, पाचवा घात, ०.५९. गुणिले २.३७, म्हणजे जुन्या ३एसच्या १.४ पट पॉवर, आणि व्होल्टेज १.३३ पट असल्यामुळे करंट जवळपास तोच, ३७ च्या आसपास. आणि वेग? फेरे १.३३ पट, पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकतो ते अंतर) ०.९ पट, म्हणजे तरीही २० टक्के जास्त. लहान पंख्याने बोट जास्त पळते हे कुणाला सांगितलं तर पटत नाही, म्हणून आकडे दिले.

आणखी एक बघा. पंख्याच्या पुढे ड्राइव्ह डॉग (पंख्याला फिरवणारा शाफ्टवरचा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टला धरणारा आधार) यांच्यात फट किती आहे? फ्लेक्स शाफ्ट ही वळलेली तार असते, लोड आला की पिळली जाऊन आखूड होते. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो आणि सगळी ताकद घासण्यात जाते. दोन-तीन मिलिमीटर सोडा. शाफ्ट दर वेळी बाहेर काढून पुसून ग्रीस लावा, वॉटरप्रूफ. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

मुठाकाठ

फट... एक पोस्टकार्ड जाईल एवढीच आहे.

सोल्डर_आणि_चहा

सोडा तीन मिलिमीटर.

डिकी_फुल

तारांवरची हीटश्रिंक आखडली म्हणालात, तो कनेक्टर उघडून बघा. सोल्डर चकचकीत आहे की राखाडी, दाणेदार? माझ्या एक्सटी६० कनेक्टरचा एक जोड थंड राहिला होता, २५ वॅटच्या आयर्नने जाड तार तापतच नाही. तपकीर गल्लीतून ६० वॅटचं आणलं आणि प्रश्न मिटला. आणि दुरुस्तीच्या नादात बॅटरी ते ईएससी ही तार लांब करू नका हं, लांबवायची तर ईएससी ते मोटर. बॅटरीकडची तार लांब झाली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो. माझा एक असाच फटकन उडालाय.

मेणबत्तीवाली_बोट

नातू ३एसवर चालवतो. त्याने किती खाली जाऊ द्यावं ते सांगा कुणीतरी. तो संपेस्तोवर पळवतो.

रेवा_प

आजोबा, पूर्ण भरलेला सेल ४.२ चा असतो. पळवून आल्यावर, दहा मिनिटं थांबून मोजला तर ३.७ च्या खाली जायला नको. ईएससीत कटऑफ बदलता येत असेल तर सेलमागे ३.४ ठेवायला सांगा. त्याहून सोपं म्हणजे रिमोटवर टायमर लावायचा, क्षमतेच्या ८० टक्क्यांत परत. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला नाही, गार होऊ द्यायची. आणि आठवडाभर पडून राहणार असेल तर भरलेली नाही, रिकामी पण नाही, ३.८ वर.

मेणबत्तीवाली_बोट

लिहून फ्रीजवर लावलं.

मुठाकाठ

फुगलेल्या बॅटरीचं काय करू? मिठाच्या पाण्यात टाकायची असं एका व्हिडिओत होतं.

सोल्डर_आणि_चहा

मिठाच्या पाण्याने टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज शिल्लक राहतो, तुम्हाला वाटतं संपली. त्यापेक्षा गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब एकामागे एक जोडा, उघड्यावर, वाळूत ठेवून, आणि लक्ष ठेवा. पूर्ण शून्यावर आली की टोकांना टेप.

पाणकावळा

आणि कृपा करून सुक्या कचऱ्यात देऊ नका. आपल्याकडे ‘स्वच्छ’ या कचरा वेचकांच्या संस्थेच्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात. ई-कचरा संकलनाच्या दिवशी वेगळी द्या आणि देताना तोंडाने सांगा की ही फुगलेली लिथियम बॅटरी आहे. आमच्या सोसायटीत एकदा पोत्याने पेट घेतला होता, मोबाइलची एवढीशी बॅटरी होती. ताईंचा हात भाजला.

मुठाकाठ

नक्की. लेकीने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय कुंडीला.

मुठाकाठ

तीन आठवड्यांनी येतोय. सासवडला जाऊन आलो, @सासवडचं_शेततळं, तुमच्या आईंच्या हातच्या पिठल्याची आठवण लेक अजून काढतेय.

नवी ४एस, ३६ चा पंखा, फट तीन मिलिमीटर, एक सोल्डर खरंच राखाडी निघाला तो नव्याने केला. नळी ट्रेवरून फिरवली, खालून नाही. सकाळी आठ वाजता, चार मिनिटं, बराचसा वेळ फुल. काठावर आणल्या आणल्या थर्मामीटर गनने मोजलं: बॅटरी ४४, ईएससी ४८, मोटर ५६. घरी चार्जरने भरले २६००. म्हणजे ३९ अँप. वहीत लेकीने त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात.

वेग ३एसपेक्षा नक्की जास्त आहे, वळताना पाण्याचा पडदा उडतो.

आता तिचा प्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत: "मग ४२ चा पंखा फेकून द्यायचा का?"

रेवा_प

अजिबात नाही. तिला सांगा, जुन्या ३एसवर लावून बघ, ३५ गुणिले १.२८, ४५ च्या जवळ यायला हवं, ६० च्या आत आहे. दोन मिनिटंच पळव, बॅटरीला हात लावून बघ, आणि आकडा आला की इथे टाक.

मुठाकाठ

रविवारी जातोय.